श्रीनाथांचा प्रपंच

संत म्हटला की त्याने घरदार सोडले असणार, अशी आपली एक समजूत होऊन बसली आहे. माउली आणि त्यांची भावंडे यांनी संसार मांडलाच नाही. तुकोबांनी मांडला, पण दुष्काळाने तो मोडला, आणि पुढे देहूच्या घरात जे काही घडले ते आपण सारे जाणतो. नामदेवरायांच्या घरी माणसे उदंड, पण महाराज बहुधा राउळात. म्हणून वारीच्या वाटेवर एखादा शेतकरी किंवा एखादी सासुरवाशीण बाई विचारते, बुवा, आमच्यासारख्यांनी काय करावे? पोरेबाळे टाकून का यावे? तेव्हा मी पैठणचा रस्ता दाखवितो. पैठणास एक घर होते, तेथे चूल होती, बायको होती, लेकीलेक होते, आल्यागेल्याची पाने रोज मांडली जात, आणि त्याच घरात बोरू, दऊत आणि पोथीची पानेही होती. या तिन्हींचे एकमेकांशी नेहमी पटले असे मात्र कोणी समजू नये. पटले नाही तेव्हा नाथमहाराजांनी काय केले, तेच पाहण्यासारखे आहे.

महाराजांचा जन्म सुमारे सन १५३३ चा. पैठण तेव्हा अहमदनगरच्या निजामशाहीत होते. पणजोबा भानुदासमहाराज. विजयनगरास गेलेली पांडुरंगाची मूर्ती पंढरीस परत आणली म्हणून वारकऱ्यांच्या तोंडी ज्यांचे नाव आहे, तेच हे. वडील सूर्यनारायण, आई रुक्मिणी. दोघेही लेकरू लहान असतानाच गेले. आजोबा चक्रपाणी आणि आजी यांनी नातवाला वाढविले. आईबापाविना वाढलेले मूल एक तर घराला फार चिकटते, नाही तर घरातून लवकर उठते. नाथ उठले. कोवळ्या वयात, कोणाला न सांगता, त्यांनी देवगिरीची वाट धरली आणि जनार्दनस्वामींचे पाय धरले.

आता हे जनार्दनस्वामी कोण, ते नीट ध्यानात घ्या. अरण्यातले जटाधारी तपस्वी नव्हेत. देवगिरी किल्ल्याचा कारभार त्यांच्याकडे होता. दप्तर, हिशेब, शिबंदी हे सर्व सांभाळून दत्तप्रभूंची उपासना करणारे ते गृहस्थ. गुरुवारी मात्र कारभार बंद आणि ध्यान सुरू, असा त्यांचा नेम सांगतात. म्हणजे नाथांनी जो परमार्थ प्रथम डोळ्यांनी पाहिला, तोच मुळी किल्ल्याच्या कचेरीत बसलेला होता.

हिशेबाची कथा सर्वांना ठाऊक आहे. वहीत एका पैचा मेळ लागेना. नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले, आणि पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवून उठले. स्वामी जागे होऊन पाहत होते. एका पैसाठी चित्त इतके एकाग्र होते, तर तेच चित्त भगवंताकडे लागले तर काय होईल, असा त्यांच्या बोलण्याचा आशय. कीर्तनात ही कथा सांगून आम्ही पुढे जातो. पण स्वामींनी नाथांना वही फेकून देण्यास सांगितले नाही, हेही पाहा. शिष्याच्या अंगचा चोखपणा त्यांनी ओळखला आणि त्यालाच देवाकडे वळविले. पुढे नाथांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या मांडीवर घेतल्या, तेव्हा हाच पै शोधणारा कारकून कामास आला.

अनुग्रह झाला, शूलभंजन पर्वतावर तप झाले, गुरूंबरोबर त्र्यंबकेश्वर झाले, उत्तरेकडची तीर्थे झाली. इकडे म्हातारा चक्रपाणी नातवाला शोधीत होता. त्याने देवगिरीस जाऊन स्वामींकडून एक पत्र आणून ठेविले होते. तीर्थाटन करून नाथ पैठणजवळ आले तेव्हा ते पत्र त्यांच्या हाती पडले. पैठणातच राहावे, गृहस्थाश्रम करावा, अशी गुरूंची आज्ञा त्यात होती. नाथ जेथे उभे होते तेथेच थांबले, असे चरित्रकार सांगतात. वैराग्याच्या ऐन भरात असलेल्या तरुणाला संसार कर म्हणणे ही आज्ञा सोपी नव्हे. आम्ही वैराग्याचे कौतुक फार करतो. म्हाताऱ्या आजीआजोबांसाठी परत फिरणे हेही एक वैराग्यच आहे, कारण त्यात स्वतःच्या आवडीचा त्याग आहे.

मग गिरिजाबाई घरात आल्या. या माउलीविषयी पोथ्यांत थोडे लिहिले आहे, आणि जे लिहिले आहे ते बहुतेक स्वयंपाकघरातले आहे. नाथांचा दिवस कसा जाई ते परंपरेने सांगतात : पहाटे स्मरण, गोदास्नान, पूजा, भागवताचे वाचन, माध्यान्ही अतिथींसह भोजन, तिसऱ्या प्रहरी पुराण, रात्री कीर्तन. ऐकायला गोड वाटते. पण माध्यान्ही अतिथी म्हणजे किती पाने, हे आधी कोणास ठाऊक? गुरूंकडून आलेला उद्धव हा सेवक घरात राबत होता, आणि पुढे पाणी भरणारा श्रीखंड्या आला. भगवंतच तो, अशी आपली श्रद्धा. तरी चुलीपुढे बसणे गिरिजाबाईंनाच होते. कीर्तनकाराच्या घरी ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना याचा अर्थ सांगावा लागत नाही.

श्राद्धाची गोष्ट घ्या. पितरांसाठी पाकसिद्धी झाली होती. रस्त्याने अस्पृश्य मानलेल्या जातीचे एक कुटुंब चालले होते, आणि वासाने लेकराच्या तोंडास पाणी सुटले. नाथांनी आणि बाईंनी ते सारे अन्न त्यांना वाढले. मग घर सारवले, पुन्हा पाणी आणले, पुन्हा चूल पेटविली. तरी गावचे ब्रह्मवृंद जेवायला आले नाहीत, आणि पितर प्रत्यक्ष पानावर बसले, अशी कथा आहे. कीर्तनात पितर आले की श्रोते टाळी देतात. मला मात्र त्या दुसऱ्यांदा पेटलेल्या चुलीचे फार वाटते. समता ही बोलायला एका पुरुषाची असते, पण घरात ती उतरायची तर दोघांची व्हावी लागते. गिरिजाबाईंनी त्या दिवशी एक शब्द वाकडा काढला असता तर महाराजांची गोष्ट तेथेच संपली असती.

आता लेखन. गुरूंच्या आज्ञेने चतुःश्लोकी भागवत झाले, हा आरंभ. सन १५७१ चे रुक्मिणीस्वयंवर तर घरोघर गेले. उपवर मुलींनी त्याचे पारायण करावे ही रीत आपल्याकडे आहेच. पण मोठा ग्रंथ म्हणजे भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका. ३१ अध्याय, आणि ओव्या १८,००० हून अधिक. आरंभीचे अध्याय पैठणास झाले. ते काशीस पोहोचले आणि तेथील पंडितांत खळबळ उडाली. व्यासांची वाणी प्राकृतात आणणारा हा कोण? नाथ स्वतः काशीस गेले, परीक्षेला उभे राहिले, आणि तेथेच बसून सन १५७३, शके १४९५ च्या कार्तिकी पौर्णिमेस ग्रंथ पुरा केला. विरोध करणाऱ्यांनीच शेवटी ग्रंथाचा गौरव केला, असे परंपरा सांगते.

या ग्रंथाच्या आरंभी देवगुरूंच्या वंदनाबरोबर महाराज आपल्या कुळाचेही स्मरण करतात. भानुदास आले, चक्रपाणी आले, आईबाप आले. घर विसरून लिहायला बसलेला माणूस असे करीत नाही. आणि विषय पाहा. सातव्या अध्यायात कपोताची कथा आहे. पिलांच्या मोहाने कबुतराचे जोडपे पारध्याच्या जाळ्यात सापडते. सतराव्या अध्यायात भगवंत उद्धवाला सांगतात की बायकापोरांचा सहवास हा वाटसरूंच्या भेटीसारखा आहे. घरात मुले असताना, रात्री त्यांना झोपवून, या श्लोकांवर टीका लिहायची म्हणजे काय, याचा विचार करावा. नाथांनी त्याचा अर्थ मुले टाकावी असा केला नाही. वाटसरू भेटला तर आपण त्याला पाणी देतो, बसायला घोंगडी देतो, आणि तो आपला नव्हे हेही जाणतो. नाथांच्या वाड्यात तेच चालले होते.

सन १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण झाले. माउलींनी स्वप्नात येऊन, अजानवृक्षाची मुळी कंठास लागली आहे ती काढावी, असे सांगितले. नाथ आळंदीस गेले आणि समाधीचे स्थान उजेडात आणले. मग अनेक पोथ्या मिळवून, पाठांतील भेसळ निवडून त्यांनी शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांच्या हातांनी बिघडलेला पाठ दुरुस्त करायचा, पण स्वतःची एक ओवी त्यात मिसळायची नाही! आज आपण पारायणास बसतो ते या घरंदाज निरिच्छपणाच्या आधारावर. भारुडांचा तर प्रकारच निराळा. जोगी, वासुदेव, गोंधळी, जोशी, असे रस्त्यावर दिसणारे प्रत्येक सोंग त्यांनी परमार्थाला लाविले. एकांतात बसणाऱ्याला ते सुचते ना. त्यासाठी दारावरून जाणारी माणसे रोज पाहावी लागतात.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतले तो प्रसंग. नाथांना दोन कन्या आणि एक पुत्र. पुत्राचे नाव हरी. शास्त्रात फार मोठा झाला, हरिपंडित म्हणून गाजला. आणि या विद्वान पुत्राला वडिलांचे दोन व्यवहार खटकू लागले : एक, प्राकृतात पुराण सांगणे; दुसरे, कोणाच्याही घरी अन्न घेणे. बाहेरच्या निंदकाला नाथांनी हसून जिंकले होते. अंगावर थुंकणाऱ्यासाठी ते पुन्हा पुन्हा गोदेत स्नान करून आले होते. पण हा घरातला, आणि वाद शास्त्राचा. हरिपंडित घर सोडून काशीस निघून गेले.

कीर्तनात आम्ही हरिपंडितांना गर्विष्ठ ठरवून मोकळे होतो. मला ते जमत नाही. मी स्वतः पाठशाळेत कौमुदी घोकून वाढलो. प्राकृत ओवी म्हणजे बायकांची, असे म्हणणारे गुरुजी मी पाहिले आहेत, आणि ते दुष्ट नव्हते. जी विद्या प्राणापलीकडे जपली ती पातळ होईल, या भयाने ते बोलत. हरिपंडितांचे भयही तसेच असणार. शिवाय बाप जगाचा झाला की मुलाच्या वाट्यास किती उरतो, हा प्रश्न आहेच. पोथीत तो लिहिलेला नाही.

नाथांनी काय केले? ग्रंथ लिहून पुत्राचे खंडन केले नाही. ते काशीस गेले आणि मुलाच्या दोन्ही अटी मान्य करून त्याला घरी घेऊन आले. पुराण आता हरिपंडित सांगणार, संस्कृत रीतीने. महाराज प्राकृत सांगणार नाहीत, परान्न घेणार नाहीत. ज्या भाषेसाठी काशीच्या पंडितांपुढे मान वाकविली नाही, ती मुलासाठी आवरून धरली. हे मला काशीच्या विजयाहून अवघड वाटते. कोणी म्हणेल, तत्त्व सोडले. मी म्हणतो, वाट पाहिली. दोहोंत अंतर आहे, पण ते बाहेरून दिसत नाही, आणि त्या दिवसांत नाथांना काय वाटत असेल ते त्यांनी कोठे लिहून ठेविले नाही. श्रोते मात्र हळूहळू येईनासे झाले. वाडा सुना झाला.

मग ती बाई आली. नवरा असताना तिने सहस्रभोजनाचा संकल्प केला होता. आता वैधव्य आले, दारिद्र्य आले, संकल्प राहिला. एक ब्रह्मवेत्ता जेवला तर सहस्र जेवल्याचे फळ, असे कोणी तिला सांगितले, म्हणून तिने नाथांना बोलाविले. अट आडवी आली. तेव्हा हरिपंडितांनी स्वहस्ते तिच्या घरी स्वयंपाक करावा असे ठरले. नाथ जेवले. पत्रावळ उचलायला हरिपंडित वाकले, एक उचलली तो खाली दुसरी, दुसरी उचलली तो तिसरी. सहस्र पत्रावळी निघाल्या, असे महीपतींसारखे चरित्रकार गातात. शास्त्री पुत्र उष्ट्या पत्रावळी उचलता उचलता खाली बसला, आणि वडिलांच्या पायांवर डोके ठेवून प्राकृत पुराण पुन्हा सुरू करण्याची त्यानेच विनंती केली. आकडा सहस्र की किती, यात मी शिरत नाही. मला त्यातली योजना विलक्षण वाटते. संस्कृत वाद संस्कृताने मिटला नाही. एका गरीब बाईच्या ओसरीवर, चूल फुंकून आणि उष्टे काढून तो मिटला. गिरिजाबाईंनी जन्मभर जे केले ते एक दिवस पंडितांच्या वाट्यास आले, एवढेच.

अखेरीस महाराजांनी भावार्थ रामायण हाती घेतले होते. युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत लेखणी आली आणि शके १५२१, सन १५९९ च्या फाल्गुन वद्य षष्ठीस त्यांनी गोदावरीत देह ठेविला. जनार्दनस्वामींची पुण्यतिथीही तीच. उरलेले रामायण गावबाने पुरे केले. हा गावबा म्हणजे पुरणपोळीच्या लोभाने नाथांघरी राहिलेला, मंदबुद्धी म्हणून हिणविला गेलेला पोर. गिरिजाबाईंनी त्याला पोळ्या करून घातल्या, आणि एकनाथ या नावापलीकडे त्याला मंत्र पाठ होईना, असे सांगतात. कन्येच्या पोटचा नातू मुक्तेश्वर पुढे मराठीत महाभारत लिहिता झाला. त्याची आदि, सभा, वन, विराट आणि सौप्तिक ही पर्वे आज मिळतात.

आणि हरिपंडित? त्यांनी वडिलांनाच गुरू केले. नाथांच्या मागे त्यांच्या पादुका घेऊन ते दर आषाढीस पंढरपूरची वाट चालू लागले. पैठणची पालखी म्हणून जी आपण वाखरीच्या वाटेवर पाहतो, तिचा आरंभ हा असा सांगतात.