विश्लेषण : आयरिश लोकसंगीताला नवा वाद्यमेळ देणारे शॉन ओ रिआडा

केल्टिक संगीत आज जॅझ आणि न्यू एज शैलींत सहज मिसळते. पण ६० वर्षांपूर्वी आयर्लंडच्या शहरी वर्गाला हे सूर गावंढळ वाटत. हा समज बदलणारे संगीतकार अवघे ४० वर्षे जगले.

ओ रिआडा कोण होते?

जन्म १९३१, कॉर्क. मूळ नाव जॉन रीडी. शिक्षण पाश्चात्त्य अभिजात संगीताचे, तर तरुणपणी नृत्य आणि जॅझच्या वाद्यवृंदांत पियानोवादन. १९५५ मध्ये ते डब्लिनच्या ॲबी थिएटरचे संगीत दिग्दर्शक झाले. १९५९ च्या ‘मिशे एरे’ या माहितीपटासाठी त्यांनी जुन्या आयरिश चाली पूर्ण सिम्फनी वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या आणि ते घराघरांत पोहोचले.

त्यांनी नेमके काय बदलले?

तेव्हाच्या ‘केली बँड’मध्ये सगळी वाद्ये एकच चाल एकदम वाजवत. त्यात प्रत्येक वादकाची स्वतःची नक्षी हरवते, हा ओ रिआडांचा आक्षेप होता. १९६० च्या सुमारास त्यांनी ‘क्योल्टोरी खूलन’ हा गट उभारला. आधी मूळ चाल, मग एकेका वादकाला किंवा जोडीला विस्ताराची संधी, शेवटी पुन्हा सर्व एकत्र अशी त्याची रचना होती. जॅझच्या श्रोत्याला ती ओळखीची वाटावी. बाउरान हे डफासारखे गावाकडचे वाद्य त्यांनी मैफलीत आणले. तारांच्या जुन्या आयरिश हार्पचा नाद मिळावा म्हणून ते स्वतः हार्पसिकॉर्ड वाजवत.

पुढे काय झाले?

१९६३ पासून ते कॉर्कच्या विद्यापीठात शिकवू लागले आणि कूलेआ या आयरिशभाषक खेड्यात राहायला गेले. तिथल्या गावकऱ्यांच्या गायकवृंदासाठी त्यांनी आयरिश भाषेत प्रार्थनासंगीत रचले. मात्र मद्यपानाने यकृत निकामी झाले आणि ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

वारसा कोणता?

त्यांच्या गटातील पॅडी मोलोनी यांनी १९६२ मध्ये ‘द चीफटन्स’ स्थापन केला. या गटाने वाजवलेली ओ रिआडांची ‘म्ना ना हेरेन’ ही चाल १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’ चित्रपटातून जगभर पोहोचली. कूलेआचा गायकवृंद त्यांचे पुत्र पेडर यांनी पुढे चालवला. परंपरा जशीच्या तशी जपण्याऐवजी तिच्यातल्या वादकाला मोकळीक देणे, हा ओ रिआडांचा मार्ग होता. पुढच्या पिढीचे प्रयोग त्याच वाटेने गेले.