बोरीबंदरसमोरची शाळा आणि जस्टिस बद्रुद्दीन तय्यबजी

कल्याण, मुंब्रा, ठाण्याहून लोकलने सीएसएमटीला उतरणारे आपण सगळे त्या इमारतीसमोरून कितीदा तरी गेलो असू. स्टेशनबाहेर पडलं की रस्त्यापलीकडे घुमट असलेली जुनी दगडी इमारत दिसते. आम्ही एकदा आठवीच्या मुलांना सहलीला नेलं होतं, तेव्हा एकाने ही मशीद आहे का म्हणून विचारलं. शाळा आहे म्हटल्यावर पोरांना खरं वाटेना. अंजुमन-ए-इस्लामची ती शाळा. ही इमारत 1893 मध्ये उघडली. संस्था त्याहून जुनी, 1874 ची. ती उभी करणाऱ्यांत सर्वांत पुढे होते बद्रुद्दीन तय्यबजी.

त्यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1844 चा, मुंबईतला. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली तेव्हा ते आठ वर्षांचे होते. घराणं सुलेमानी बोहरा, मूळ खंभातचं, वडील तय्यबअली व्यापारी. घरची बोली गुजराती, पण वडिलांनी ठरवून घरात उर्दू आणली. बद्रुद्दीन आधी मदरशात उर्दू-फारसी शिकले, मग एल्फिन्स्टनमध्ये इंग्रजी. 1860 मध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांना इंग्लंडला धाडलं. तिथे डोळ्यांनी दगा दिला. शिक्षण अर्ध्यावर टाकून 1864 मध्ये परत यावं लागलं. दुसरा कोणी असता तर वडिलांच्या पेढीवर बसला असता. हे पुढच्याच वर्षी पुन्हा बोटीत बसले आणि 1867 मध्ये बॅरिस्टर होऊन आले. मुंबई हायकोर्टातले ते पहिले हिंदी बॅरिस्टर.

वकिली जोरात चालली, पैसा आला, नाव झालं. पण त्यांना एक गोष्ट टोचत होती. मुंबईत मुसलमान व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या, जहाजं होती, आणि हायस्कुलात मुसलमान मुलं बोटांवर मोजण्याइतकी. इंग्रजी शिकला की पोरगा दीन सोडेल ही धास्ती घराघरांत होती. सरकारी शाळेत उर्दू-फारसीची सोय नाही ही तक्रारही होती, आणि ती काही खोटी नव्हती. तय्यबजींनी धास्तीला हसण्यात वेळ घालवला नाही. इंग्रजी, गणित आणि उर्दू, फारसी, दीनियात एकाच छताखाली मिळेल अशी शाळा काढायची, म्हणजे आईबापांना सबबच उरणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. सोबतीला थोरले भाऊ कमरुद्दीन, गुलाम मोहम्मद मुन्शी आणि नाखुदा मोहम्मद अली रोगे. हे रोगे आपले कोकणी मुसलमान. बोहरा आणि कोकणी एका शाळेसाठी पदरचे पैसे घालतात, ही गोष्ट त्या काळी साधी नव्हती. (आजही कितपत साधी आहे, ते वाचकांनी आपापल्या मोहल्ल्यात बघावं.)

1882 मध्ये सरकारचं हंटर कमिशन शिक्षणाची चौकशी करत होतं. त्याच्यापुढेही तय्यबजींनी मुसलमान मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न मांडला. अंजुमनचे ते आधी सेक्रेटरी, नंतर 1890 पासून अखेरपर्यंत अध्यक्ष.

काँग्रेसमध्ये ते पुढाऱ्यांपैकी. 1887 च्या मद्रास अधिवेशनाचे अध्यक्ष, त्या खुर्चीवर बसलेले पहिले मुसलमान. सर सय्यद अहमद खान यांना ते मुळीच पटलं नाही, मुसलमानांनी काँग्रेसपासून लांब राहावं असं त्यांचं मत. दोघांत पत्रं गेली-आली, मतभेद मिटले नाहीत. पण शाळेच्या बाबतीत दोघांची वाट एकच. सर सय्यद यांनी सुरू केलेल्या मुस्लिम शैक्षणिक परिषदेचं 1903 चं अधिवेशन मुंबईत भरलं, तेव्हा अध्यक्ष होते तय्यबजी. राजकारणातलं भांडण त्यांनी मुलांच्या दप्तरात जाऊ दिलं नाही. आम्हाला त्यांची ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

1895 मध्ये ते हायकोर्टाचे जज्ज झाले. 1897 मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. जामीन आधी नाकारला गेला होता. अर्ज तय्यबजींपुढे आला आणि त्यांनी जामीन दिला. सरकारला काय वाटेल याचा विचार त्यांनी केला नाही. महाराष्ट्रात त्यांचं नाव घेतलं की ही आठवण पहिली निघते, शाळेची मागाहून, किंवा निघतच नाही.

मुलींचं शिक्षण हा त्यांचा दुसरा ध्यास. पडद्याच्या अतिरेकाबद्दल ते भर परिषदेत बोलले आणि लोक नाराज झाले. पण आधी त्यांनी स्वतःच्या घरात करून दाखवलं होतं. मुलींना मुंबईत शाळेत घातलं, पुढे 1904 मध्ये दोघींना थेट इंग्लंडच्या बोर्डिंगात पाठवलं. उर्दू मीडियम की इंग्लिश मीडियम, आणि मुलीला दहावीनंतर पाठवायचं का, असं पालक-सभेत आम्हाला दर वर्षी विचारलं जातं. तेव्हा आम्ही हीच हकीकत सांगतो. काही पालक ऐकतात, काही घड्याळ बघतात.

19 ऑगस्ट 1906 रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. अंजुमनची मुलींची शाळा सुरू व्हायला मात्र 1936 उजाडलं. सहलीत ती इमारत बघून परत येताना, कुर्ल्याच्या पुढे गाडी रिकामी झाल्यावर, आमच्या वर्गातल्या एका मुलीने मध्ये तीस वर्षं का लागली म्हणून विचारलं. ठाणं येईपर्यंत आम्ही त्यावरच बोलत होतो.