दालचिनीचं तेल आणि शांबरलां

मायक्रोबायोलॉजीवाल्यांनी प्रॅक्टिकलला ऑटोक्लेव्ह हाताळलेला असतोच. घरी जुना स्टीलचा वॉटर फिल्टर असेल तर त्यातल्या पांढऱ्या कँडल्स घासायचं कामही कधीतरी वाट्याला आलेलं असतं. या दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस आहे, शार्ल शांबरलां. आपल्याकडे ज्याला सर्रास चेंबरलँड म्हणतात, तोच.

जन्म १८५१चा, फ्रान्सच्या जुरा भागातला. लुई पाश्चरचाही हाच मुलूख. शांबरलां ऐन पंचविशीत पाश्चरच्या प्रयोगशाळेत आला, तेव्हा तिथे एक वाद पेटलेला होता. उकळून घेतलेल्या द्रवात पुन्हा जंतू येतात कुठून? शांबरलांने दाखवून दिलं की काही जंतूंचे बीजाणू १०० अंशांना मरतच नाहीत. त्याहून जास्त तापमान हवं, आणि त्यासाठी वाफ कोंडायला हवी. म्हणजे आपला कुकरच की! १८७९मध्ये त्यातूनच ऑटोक्लेव्ह आला. १८८४मध्ये त्याने बिनझिलईच्या पोर्सेलिनचा फिल्टर केला. त्यातून बॅक्टेरिया अडकायचे, पण त्याहून बारीक काहीतरी पार व्हायचं. ते 'काहीतरी' म्हणजे व्हायरस, हे पुढे याच फिल्टरमुळे कळलं.

माणूस मात्र अगदी आपल्यातला. कोंबड्यांना कॉलऱ्याचे जंतू टोचायचं काम सोडून हा सुट्टीवर गेला म्हणे. परत येऊन शिळे जंतू टोचले, तर कोंबड्या मेल्या नाहीत, उलट पुढच्या ताज्या डोसलाही पुरून उरल्या. (गोष्टीला नंतर थोडं तिखटमीठ लागलंय, पण बिनकामाची नाही.) १८८१मध्ये पुयी-ल-फोर इथे अँथ्रॅक्सच्या लशीचा जाहीर प्रयोग झाला. लस टोचलेल्या मेंढ्या जगल्या, बाकीच्या मेल्या. जयजयकार पाश्चरचा झाला. पण ती लस शांबरलांच्या पद्धतीने, पोटॅशियम डायक्रोमेट वापरून केलेली होती. हे लोकांना नीट कळलं ते पाश्चरच्या वह्या अभ्यासकांच्या हाती लागल्यावर, म्हणजे जवळपास शंभर वर्षांनी.

आणि आता ते काम, जे आपल्या पुस्तकात सहसा नसतं. १८८७मध्ये त्याने वनस्पतींची सुगंधी तेलं घेतली आणि अँथ्रॅक्सच्या जंतूंवर एकेक करून तपासली. काहींची नुसती वाफ दिली, काही थेट मिसळून पाहिली. दालचिनी आणि ओरेगॅनो वरच्या नंबरात आले. त्याच्या डोक्यात अन्न टिकवणं नव्हतं, जंतुनाशक शोधणं होतं. १९०८मध्ये तो गेला, तेव्हा पाश्चर इन्स्टिट्यूटचा उपसंचालक होता. पुढे अँटिबायोटिक्स आली आणि ही तेलं मागे पडली.

आज लोक पाकिटावर सोडियम बेंझोएट वाचून नाक मुरडतात, म्हणून ही तेलं पुन्हा टेबलावर आली आहेत. ओव्यातलं थायमॉल, ओरेगॅनोतलं कार्व्हाक्रॉल ही द्रव्यं पाण्यापेक्षा स्निग्धात रमणारी. ती जंतूच्या पेशीच्या पटलात घुसतात, पटल गळायला लागतं आणि आतला माल बाहेर येतो. लिस्टेरियासारख्यांवर हे चांगलं चालतं. ई. कोलाय, साल्मोनेला यांना बाहेरून आणखी एक कवच असतं, ते सहसा जास्त चिवट.

मग सगळ्या डब्यांत दालचिनीचं तेल का घालत नाहीत? कारण टेस्ट ट्यूब म्हणजे जेवण नव्हे. अन्नातल्या चरबीत आणि प्रथिनांत तेल अडकून बसतं, जंतूंपर्यंत पोचतच नाही. मग डोस वाढवावा लागतो, आणि जंतू मरायच्या आधी खाणाराच पळतो! म्हणून आता तेल अन्नात न घालता पॅकिंगच्या फिल्ममध्ये घालतात आणि त्याची वाफच काम करते का ते बघतात. ब्रेडवरच्या बुरशीला ही वाफ बऱ्यापैकी आवरते. पनीरसारख्या पदार्थात मात्र स्निग्धाशी गाठ पडते आणि गाडी अजून तिथेच अडते.