१० वर्षं भांडून लीना मेर्लिन यांनी इटलीतले सरकारमान्य कुंटणखाने बंद केले

साल १९४८. इटलीत तेव्हा कुंटणखान्यांना सरकारचाच परवाना असायचा. तिथल्या बायकांची पोलिसांत नोंद व्हायची आणि एकदा का तो शिक्का बसला की दुसरं काम मिळणं मुश्कील.

हे बंद करायला सिनेटर लीना मेर्लिन यांनी विधेयक आणलं. बाई मूळच्या शिक्षिका. फॅसिस्ट राजवटीशी निष्ठेची शपथ घेतली नाही म्हणून नोकरी गेली, पुढं सार्डिनियात हद्दपारीही भोगली. राज्यघटनेच्या समानतेच्या कलमात लिंगभेदाचा उल्लेख आला तोही त्यांच्याच आग्रहामुळं.

विधेयकाला विरोध झाला, टिंगलही झाली. त्या हटल्या नाहीत. अखेर २० फेब्रुवारी १९५८ ला कायदा झाला, सप्टेंबरमध्ये ५०० हून जास्त कुंटणखान्यांना टाळं लागलं. पोलिसांतली नोंदही थांबली. इटलीत तो आजही मेर्लिन कायदा म्हणूनच ओळखला जातो.