धानाच्या बांधीपासून गोदामापर्यंत: डॉ. पंजाबराव देशमुख यांचे काम आणि आपला धान



दिवाळीच्या सुमारास कन्हान, पारशिवनी, रामटेक, मौदा या पट्ट्यात फिरलात तर जागोजागी धानाचे ढीग दिसतात. पेंचच्या कालव्याचे पाणी, काळी-कन्हार जमीन आणि घरच्यांची मेहनत त्या ढिगात असते. पण मळणी होते न होते तोच खताच्या दुकानाची उधारी, मजुरी आणि सणाचा खर्च समोर उभा राहतो. धान पुरता वाळलेलाही नसतो आणि गाडी व्यापाऱ्याच्या दारात लागते. पीक जास्त कसे काढावे आणि काढलेले पीक पडत्या भावात कसे जाऊ देऊ नये, हे दोन प्रश्न आपल्यापुढे आहेत. ९० वर्षांपूर्वी हेच प्रश्न विदर्भातील एका शेतकऱ्याच्या मुलाने सरकारदरबारी नेले. तो मुलगा म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख. ज्यांना आपण भाऊसाहेब म्हणतो, त्यांचे चरित्र धान उत्पादकाच्या नजरेने पाहू.

पापळ ते ऑक्सफर्ड

भाऊसाहेबांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी शेतकरी कुटुंबात झाला. शिक्षण पापळ, चांदूर रेल्वे, कारंजा आणि अमरावती असे गावोगाव झाले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात काही काळ शिकून ते १९२० मध्ये इंग्लंडला गेले. एडिंबरो आणि ऑक्सफर्ड येथे उच्च शिक्षण घेतले, वेदवाङ्मयातील धर्माच्या उगमावर प्रबंध लिहिला आणि बॅरिस्टर होऊन परतले. एवढ्या शिक्षणावर मोठ्या शहरात वकिली सहज चालली असती. त्यांनी अमरावती निवडली. १९२८ मध्ये ते जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्य मानलेल्या समाजासाठी खुल्या करण्याचा निर्णय घेतला. शेतकऱ्यांची मुले शिकावीत म्हणून त्यांनी पुढे श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली.

आधी कर्जाची गाठ

१९३० मध्ये ते मध्य प्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाले. शिक्षण, शेती आणि सहकार ही खाती त्यांच्याकडे होती. जागतिक मंदीचा तो काळ. कापूस-धान्याचे भाव कोसळले होते, पण सावकाराचे व्याज तेवढेच राहिले होते. १९३३ मध्ये कर्ज लवाद कायदा झाला. लवाद मंडळासमोर शेतकरी आणि सावकार या दोघांना बसवायचे, खरे देणे किती ते तपासायचे, तडजोड करायची आणि हप्ते बांधून द्यायचे, अशी त्याची रचना होती. जमीन हातची जाण्याआधी बोलणी व्हावीत हा हेतू होता. पीक सुधारण्याआधी शेतकऱ्याच्या गळ्यातला फास सैल झाला पाहिजे, हे त्यांच्या कामाचे पहिले सूत्र.

मग धानाची पद्धत

१९५२ ते १९६२ या काळात भाऊसाहेब केंद्रात कृषी खात्याचे मंत्री होते. देशाला धान्य बाहेरून आणावे लागत होते. मुंबईजवळ बोरिवलीच्या कोरा केंद्रात जपानी पद्धतीने भातलागवडीचे प्रयोग झाले होते. १९५३ मध्ये ही पद्धत देशभर नेण्याची मोहीम सुरू झाली आणि भाऊसाहेबांनी ती हिरिरीने चालवली.

ती पद्धत तुम्हाला आज ओळखीची वाटेल:

• मिठाच्या पाण्यात टाकून पोचट बी बाजूला काढणे.
• पऱ्हे सपाट जागेत न टाकता गादीवाफ्यावर टाकणे, बी विरळ पेरणे.
• रोवणी दोरीने, ओळीत करणे. एका चुडात २ ते ३ रोपे लावणे.
• ओळींमधून हातकोळपे फिरवून तण काढणे.
• शेणखत, कंपोस्ट आणि जोडीला वरखत देणे.

आपल्याकडे आवत्या टाकण्याची किंवा मुठीने दाट रोवण्याची सवय होती. ओळीत रोवल्याने फुटवे वाढले, निंदण सोपे झाले आणि बी कमी लागले. पण एक अडचण राहिली. त्या वेळचे धान उंच वाढणारे होते. नत्र वाढवले की पीक लोळायचे. बुटके, खत पचवणारे वाण, म्हणजे आयआर ८ आणि पुढे जया, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आले. तोवर भाऊसाहेब हयात नव्हते. योग्य वाण नसेल तर चांगली पद्धतही अर्धेच काम करते, हा या मोहिमेचा धडा आहे.

शेवटी गोदाम आणि संघटना

ग्रामीण पतपुरवठ्याच्या देशव्यापी पाहणीतून एक गोष्ट पुढे आली होती: साठवण आणि विक्रीची सोय नसेल तर कर्ज देऊनही शेतकरी मोकळा होत नाही. १९५६ मध्ये शेतमाल विकास व वखार महामंडळांचा कायदा झाला. १९५७ मध्ये केंद्रीय वखार महामंडळ आणि राज्यातही वखार महामंडळ स्थापन झाले. माल गोदामात ठेवा, पावती घ्या, पावतीवर कर्ज उचला आणि भाव आल्यावर विका, ही सोय तेव्हापासूनची.

सरकारी योजना टिकवायची तर शेतकऱ्याची स्वतःची संघटना हवी, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाज उभा केला. डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवरही त्याला आले होते. गावाकडच्या शेतकऱ्याला जगाची शेती एका जागी पाहायला मिळाली.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. सिंदेवाही आणि साकोली येथील धानाचे संशोधन याच विद्यापीठाचे, आणि पीकेव्ही एचएमटी हा वाणही याच विद्यापीठाचा.

आपण काय करावे?

• १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकावे. तरंगणारे काढून टाकावे. तळाचे बी स्वच्छ पाण्याने २-३ वेळा धुऊन सावलीत वाळवावे. त्यानंतर शिफारशीत बीजप्रक्रिया करावी.
• १ ते १.२० मीटर रुंदीच्या गादीवाफ्यावर पऱ्हे टाकावेत. रोपे २१ ते २५ दिवसांची झाली की ओळीत रोवणी करावी.
• मळणीनंतर धान वाळवावा. आधारभूत केंद्रावर १७ टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो. ओला धान नेला तर परत फिरावे लागते किंवा घट सोसावी लागते.
• विक्रीची घाई असेल तर आधी बाजार समितीत शेतमाल तारण कर्जाची चौकशी करावी. पणन मंडळाच्या योजनेत मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने, १८० दिवसांसाठी मिळते. त्या वर्षीचे नियम आणि गोदामातील जागा रोवणीच्या वेळीच विचारून ठेवावी. दिवाळीत विचारायला गेलो तर उशीर झालेला असतो.
• एकट्याच्या ५-१० क्विंटलसाठी गोदाम आणि भरडाई परवडत नाही. गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी केली तर धानाऐवजी तांदूळ विकता येतो, आणि कोंडाही आपलाच राहतो.

विस्तार कार्यकर्त्यांना एक विनंती. गावात वाणाची माहिती देता, तशीच गोदाम पावतीचीही द्या. कर्ज, पद्धत, साठवण आणि संघटना या चारही गोष्टींसाठी भाऊसाहेबांनी सरकारची ताकद वापरली. यातली एक कडी तुटली की बाकीच्या तिघींवरचा खर्च वाया जातो. येत्या हंगामात तुमच्या गावात कोणती कडी तुटलेली आहे, ते पऱ्हे टाकण्याआधी चारजण बसून पाहा.