जन्मभर उमेदवारी करणारा चित्रकार : होकुसाई

आजकाल जगाच्या कानाकोपऱ्यांतून जे प्रवासी जपानांत जातात, त्यांस तेथें दोन गोष्टींचें विशेष आकर्षण असतें. एक, जुन्या कारागिरांच्या कर्मशाळा. तेथें पाहुण्यास घटकाभर बसवून, लांकडी ठशावर रंग लावून, स्वतःच्या हातानें चित्र छापूं देतात. दुसरी, मंगा नांवाच्या चित्रकथांभोंवतीं जमणारे प्रचंड मेळावे. टोकियो शहरांत अशा पुस्तकांचा 'कॉमिक मार्केट' नांवाचा बाजार १९७५ सालापासून भरत आला आहे. आणि नागोया शहरांत त्या कथांतील पात्रांचीं सोंगें घेऊन देशोदेशींचे तरुण २००३ सालापासून एकत्र जमूं लागले. पहिली गोष्ट शांत, जुनी व चिकाटीची. दुसरी गजबजलेली व नवी. वरवर पाहतां या दोहोंचा कांहीं संबंध दिसत नाहीं. परंतु दोनशें वर्षांपूर्वींच्या एका मनुष्याच्या आयुष्यांत या दोन्ही वाटा एकत्र आल्या होत्या. त्याचें चरित्र आम्ही आज वाचकांस सादर करीत आहों.

होकुसाईचा जन्म १७६० सालीं, म्हणजे पानिपतच्या रणसंग्रामापूर्वीं अवघे कांहीं महिने, एदो शहरीं झाला. याच शहरास पुढें टोकियो हें नांव मिळालें. सुमिदा नदीच्या पूर्वेकडील कात्सुशिका हा भाग त्याची जन्मभूमि. त्याचा पिता शोगुनसाठीं, म्हणजे त्या काळच्या लष्करी राज्यकर्त्यासाठीं, आरसे करणारा कारागीर होता असें मानतात. मुलास सहाव्या वर्षापासून चित्रें काढण्याचा छंद लागला. बाराव्या वर्षाच्या सुमारास तो भाड्यानें पुस्तकें देणाऱ्या एका दुकानांत कामास राहिला, आणि पुढें दोन वर्षांनीं लांकडी ठसे कोरणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी करूं लागला. पुढें जो जगद्विख्यात चित्रकार झाला, त्यानें प्रथम दुसऱ्यांनीं काढलेल्या रेषा कोरून काढण्याचें कष्टाचें काम केलें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

त्या काळचें छापील चित्र हें एकट्याचें काम नसे. प्रकाशक भांडवल घाली, चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करी, कोरणारा तो कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवून रेषांभोंवतींचें लांकूड काढून टाकी, आणि छापणारा प्रत्येक रंगासाठीं निराळा ठसा घेऊन कागदाची पाठ वेळूच्या पापुद्र्यांत गुंडाळलेल्या गोल गादीनें घाशी. सर्व रंग नेमके आपापल्या जागीं पडावेत म्हणून फळीच्या कडेस दोन खुणा कोरलेल्या असत. कागद त्या खुणांपासून केसभर जरी सरकला तरी चित्र बिघडे. इतक्या हातांतून गेलेलें हें चित्र शेवयांच्या एक-दोन वाडग्यांच्या किमतींत सामान्य माणसास मिळे.

१७७८ सालीं होकुसाई कात्सुकावा शुन्शो या नामांकित चित्रकाराचा शिष्य झाला आणि नटांचीं व मल्लांचीं चित्रें काढूं लागला. गुरूच्या निधनानंतर त्यास ती शाळा सोडावी लागली. मग त्यानें इतर संप्रदायांचीं व डच चित्रांतील युरोपीय तंत्रांचींहि अंगें अभ्यासिलीं. तो आपलें नांव वारंवार बदली. त्याचीं तीसांहून अधिक नांवें नोंदलेलीं आहेत. बिऱ्हाडें तर त्यानें आयुष्यांत ९३ वेळां बदललीं असें सांगतात. नांव टाकून दिलें कीं त्याबरोबर जुना लौकिकहि टाकून तो पुन्हां नवशिका होई, असें आम्हांस वाटतें.

१८१२ च्या सुमारास तो नागोया येथें एका शिष्याच्या घरीं राहिला. तेथें त्यानें काढलेल्या रेखाटनांचा पहिला भाग १८१४ सालीं 'होकुसाई मंगा' या नांवानें प्रसिद्ध झाला. पुढें त्याचे एकंदर पंधरा भाग निघाले. शेवटचा तर त्याच्या मृत्यूनंतर, १८७८ सालीं. सुतार, हमाल, पहिलवान, पक्षी, मासे, भुतें, लाटा, असें कांहींएक त्यानें सोडलें नाहीं. आजच्या चित्रकथा या पुस्तकापासूनच निघाल्या असें म्हणणें बरोबर होणार नाहीं, परंतु मंगा हा शब्द लोकांच्या तोंडीं रुळण्यास त्याचा मोठा हातभार लागला.

नागोयासच १८१७ सालीं, म्हणजे इकडे ज्या वर्षीं खडकीची लढाई झाली त्याच वर्षीं, त्यानें एक अद्भुत प्रयोग केला. अगोदर पत्रकें वांटून लोकांस बोलाविण्यांत आलें, आणि भर गर्दींत सुमारें ६० फूट लांब व ३५ फूट रुंद अशा कागदावर त्यानें दारुमाचें चित्र काढलें. दारुमा म्हणजे भारतांतून पूर्वेकडे गेलेले बोधिधर्म. तें मूळ चित्र १९४५ सालीं युद्धांत नष्ट झालें. तथापि २०१७ सालीं नागोयाकरांनीं जनसमुदायासमोर तसेंच चित्र पुन्हां काढून द्विशताब्दि साजरी केली. तमाशासारखा हा प्रसंग पाहून कोणी नाक मुरडील. परंतु हाच मनुष्य आयुष्यभर रेखाटनाचा अभ्यास करीत राहिला, हें विसरून चालणार नाहीं.

वृद्धपणीं त्याच्यावर संकटांची परंपरा कोसळली. पक्षाघाताचा झटका आला. १८२८ सालीं दुसरी पत्नी वारली. नातवाच्या जुगाराच्या कर्जापायीं घरांत दारिद्र्य शिरलें. सत्तरीच्या उंबरठ्यावर दुसरा कोणी हातपाय गाळून बसला असता. होकुसाईनें याच वेळीं फुजी पर्वताच्या छत्तीस देखाव्यांची माला हातीं घेतली, आणि लोकांस ती इतकी आवडली कीं आणखी दहा चित्रें तींत घालावीं लागलीं. परदेशांतून येणारा नवा प्रशियन निळा रंग त्यानें त्यांत मनसोक्त वापरला. अजस्र लाट उसळली आहे, तिच्याखालीं तीन नावांतले नावाडी जीव मुठींत धरून वांकले आहेत, आणि दूर इवलासा फुजी स्थिर उभा आहे, तें जगप्रसिद्ध चित्र याच मालेंतलें.

१८३४ सालीं फुजीच्या शंभर देखाव्यांच्या पुस्तकास जोडलेल्या मजकुरांत त्यानें आपल्या सत्तर वर्षांपर्यंतच्या कामास कवडीमोल ठरविलें, आणि शंभरी ओलांडल्यावर आपल्यास खरी विद्या येईल अशी आशा व्यक्त केली. १८३९ सालीं आगींत त्याच्या घरांतलीं रेखाटनें जळून गेलीं. तरीहि तो खचला नाहीं. पुढें कांहीं काळ तर रोज सकाळीं एक सिंह काढण्याचा त्याचा नेम होता. त्याची कन्या ओई, जी स्वतः उत्तम चित्रकर्ती होती, अखेरपर्यंत त्याच्याबरोबर राहून काम करी. ओबुसे या डोंगराळ गांवच्या मंदिराच्या छतावरील फिनिक्स पक्ष्याचें भव्य चित्र १८४८ सालचें. १८४९ च्या मे महिन्यांत एदो येथें त्याचा अंत झाला. आणखी थोडीं वर्षें मिळतीं तर आपण खरा चित्रकार झालों असतों, अशी हळहळ मरतांना त्यास लागली होती असें सांगतात.

पुढें जपानचीं बंदरें उघडलीं आणि तीं स्वस्तांतलीं चित्रें युरोपांत पोंचलीं. व्हॅन गॉग व मोने यांच्यासारखे चित्रकार त्यांवर लुब्ध झाले. २०१६ सालीं टोकियोच्या सुमिदा भागांत होकुसाईच्या नांवाचें संग्रहालय उघडलें, आणि २०२४ सालीं जपानच्या हजार येनच्या नोटेवर ती लाट विराजमान झाली. मात्र ती लाट ज्यांनीं कोरली व छापली, त्या कारागिरांचीं नांवें आज कोणासहि ठाऊक नाहींत. टोकियोंतील अदाची संस्था अजूनहि जुन्या पद्धतीनें ठसे कोरून हीं चित्रें छापते आणि तरुणांस ती विद्या शिकविते. असे तरुण पुढें आले नाहींत, तर नोटेवर लाट राहील, पण ती छापणारे हात राहणार नाहींत.

पाहुण्यास तासाभरांत कला येत नाहीं. पण कागद खुणेवरून सरकला व रंग फिसकटला म्हणजे, ज्या कामास आपण सोपें समजत होतों तें किती कठीण आहे, एवढें तरी त्यास उमगतें. मेळाव्यांतली गर्दी व कर्मशाळेंतली घटका यांचें मोल, आमच्या मतें, एवढ्याच कसोटीवर ठरावें : तेथून परततांना मनुष्य अधिक नम्र झाला काय, आणि शेंकडा एखादा तरी उमेदवारीस बसला काय? विद्यार्थिमित्रहो, शाळेच्या परीक्षा संपतील, परंतु शिकणें संपवूं नका. नव्वदीस टेकलेल्या या वृद्धानें तें अखेरच्या श्वासापर्यंत संपविलें नव्हतें.