भास्कराचार्य बीडचे की पाटणचे? आणि त्यांच्या गणिताचा विमानाच्या रेडिओशी काय संबंध?

बीडमध्ये गच्चीवर उभं राहून हातातल्या रेडिओवरून छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळाशी बोलायचं ठरवलं, तर ते जमणार नाही. पण त्याच बीडच्या डोक्यावरून जाणारा वैमानिक तशाच लहरींवरून त्या टॉवरशी आरामात बोलतो. फरक फक्त उंचीचा! विमानाचा नेहमीचा संवाद ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या लहरींवर चालतो. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, आणि पृथ्वी गोल असल्यामुळे मध्ये जमिनीचा फुगवटा आडवा येतो. जितकं वर जाल, तितकं त्या फुगवट्यापलीकडचं दिसतं.

या फुगवट्याचं गणित मांडणाऱ्यांपैकी एक मोठा माणूस बीडचाच होता, असं बीडकर अभिमानाने सांगतात. ते म्हणजे भास्कराचार्य.

त्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४. हे साल त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवलंय, त्यामुळे त्यावर वाद नाही. वाद आहे तो गावावरून. सह्याद्रीच्या परिसरातलं विज्जडविड हे आपलं गाव, असं ते सांगतात. आता हे विज्जडविड कुठलं? काही अभ्यासकांनी 'विड' म्हणजे बीड असं धरलं. बालाघाटाची रांग सह्याद्रीचाच फाटा असल्याने ते पटण्यासारखंही आहे. काहींनी विजापूरकडे बोट दाखवलं. पण १८६५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांना चाळीसगावजवळच्या पाटण इथे एक शिलालेख सापडला, आणि पारडं तिकडे झुकलं. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांनी तिथे मठ काढला आणि १२०७ मध्ये त्याला दान मिळालं, असं हा लेख सांगतो. भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळही त्यात कोरलेली आहे. थोडक्यात, पाटणकडे दगडी पुरावा आहे आणि बीडकडे नावाचं साम्य.

वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. लीलावती ही त्यांची मुलगी आणि तिच्या मोडलेल्या मुहूर्ताची ती गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. ती आपल्याला फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून मिळाली आहे. मूळ ग्रंथात ती नाही.

खरी मजा गोलाध्यायात आहे. पृथ्वी गोल आहे, मग सपाट का दिसते? त्या काळीही लोक हे विचारत. भास्कराचार्यांचं उत्तर असं, की कुठल्याही वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग घेतला तर तो सपाटच भासतो. पृथ्वी प्रचंड आणि माणूस चिमुकला, त्यामुळे त्याला आजूबाजूचा तुकडाच काय तो दिसतो. पृथ्वी मोजायची रीतही त्यांनी दिली. उत्तर-दक्षिण रेषेवरची दोन गावं घ्या, त्यांच्या अक्षांशांतला फरक काढा, मधलं अंतर मोजा आणि त्रैराशिक मांडा. त्यांनी परिघ ४,९६७ योजनं दिला आणि व्यास १,५८१ पूर्णांक १/२४ योजनं. एक योजन म्हणजे नेमके किती किलोमीटर, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण परिघाला व्यासाने भागून बघा, ३.१४१६ येतं!

आता लीलावतीकडे या. वर्तुळाचा एक तुकडा म्हणजे धनुष्य, त्याची दोरी म्हणजे जीवा आणि मधला फुगवटा म्हणजे शर, अर्थात बाण. भास्कराचार्यांनी नियम दिला, की व्यासातून शर वजा करा, उरलेल्याला शराने गुणा, वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा, की जीवा मिळते. म्हणजे अर्ध्या जीवेसाठी नुसतं वर्गमूळ पुरे.

विमानाची गोष्ट याच नात्याची सख्खी बहीण आहे. विमानाची उंची वर्तुळाच्या आत नाही, बाहेर मोजतात. म्हणून वजाच्या जागी अधिक येतं: व्यासात उंची मिळवा, उंचीने गुणा, वर्गमूळ काढा. हे झालं क्षितिजापर्यंतचं अंतर. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किमी आणि विमान १० किमीवर धरलं तर उत्तर येतं ३५७ किमी.

रेडिओ मात्र थोडा पुढे जातो. खालची हवा दाट असल्यामुळे लहरी किंचित जमिनीकडे वाकतात. हे धरण्यासाठी अभियंते पृथ्वीचा व्यास एक तृतीयांशाने मोठा मानतात. त्यातून सोपा ठोकताळा निघतो: मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले ४.१२, उत्तर किलोमीटरमध्ये. वैमानिक फुटांच्या वर्गमूळाला १.२३ ने गुणून सागरी मैल काढतात, हिशेब तोच. १०,००० मीटरवर ४१२ किमी, १,००० मीटरवर १३०. टॉवरच्या अँटेनाचा पल्ला वेगळा काढून त्यात मिळवायचा.

बीडपासून संभाजीनगरचा विमानतळ सरळ रेषेत साधारण १०५ किमी. अँटेना समजा २५ मीटरवर आहे, तिचे झाले सुमारे २१ किमी. उरलेल्या ८४ किमीसाठी विमान साधारण ४२० मीटर उंच हवं. अर्थात हे दोन्हीकडची जमीन एकाच पातळीवर धरून. मध्ये डोंगर आडवा आला तर आणखी वर जावं लागेल. आणि गच्चीवरचा माणूस? दहा मीटरवर त्याचे १३ किमी आणि टॉवरचे २१. चौतिसाव्या किलोमीटरलाच खेळ खल्लास.

योगायोग बघा, पृथ्वीच्या परिघाचा शंभरावा भाग ४०० किमी, आणि प्रवासी विमानाचा पल्लाही साधारण तेवढाच! पण म्हणून भास्कराचार्यांना विमान किंवा रेडिओ ठाऊक होता, असे मेसेज आले तर ते पुढे ढकलू नका. त्यांनी वर्तुळाचं नातं सांगितलं, आणि ते तेवढंच सांगूनही खूप मोठं आहे. शिवाय धनुष्य-बाणाचं हे नातं आर्यभट आणि ब्रह्मगुप्त यांच्याकडेही सापडतं. लीलावतीने ते शेकडो वर्षं विद्यार्थ्यांच्या तोंडी ठेवलं.

११८३ मध्ये, ६९ व्या वर्षी, त्यांनी 'करणकुतूहल' लिहिला. पंचांग करणाऱ्यांना ग्रहांची गणितं झटपट करता यावीत, म्हणून.

७ जून १९७९ रोजी भारताचा 'भास्कर-१' उपग्रह आकाशात गेला. सातव्या शतकातले पहिले भास्कर आणि आपले भास्कराचार्य, दोघांच्या नावाने. तो जमिनीपासून सुमारे ५२५ किमीवर फिरत होता. एवढ्या उंचीवर व्यासात उंची मिळवायला विसरून चालत नाही. ती धरली की त्याचं क्षितिज सुमारे २,६४० किमीवर येतं.